पहिल्या दहा गोळ्या

तिसऱ्या डब्यातल्या दहा गोळ्या झाडून झाल्या. मी पन्नास मीटर चालत गेलो, टार्गेटचा कागद काढला आणि तिथेच उभा राहिलो. भोकं चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत विखुरली होती. हिरवा डबा, निळा डबा, पिवळा डबा, तिन्ही कागद सारखेच वाईट.

"काय म्हणते रायफल, उस्ताद?" मागून मुळे सरांनी विचारलं.

"बिघडली म्हणते," मी म्हणालो.

"रायफल नाही बिघडली. पोरगी घाबरते, ते कबूल करा."

पोरगी, म्हणजे पौर्णिमा, शेजारीच खुर्चीवर बसून गोळ्या मोजत होती. तिने मान वर केली नाही.

मी फौजेत चोवीस वर्षं आर्मोरर होतो. आर्मोरर म्हणजे बंदुकांचा मिस्त्री. पलटणीत मिस्त्री आणि शिकवणारा, दोघांनाही उस्तादच म्हणतात, ते नाव मला चिकटलं. गाव माझं अमडापूर, पण निवृत्तीनंतर बायकोच्या हट्टाने शेगावात बिऱ्हाड केलं. ती रोज दर्शनाला जाते, आणि मी गावाबाहेरच्या रायफल क्लबवर. क्लब मुळे सर चालवतात. ते शाळेत पी.टी. शिकवायचे. क्लबकडे स्पर्धेच्या दर्जाची पॉइंट टू-टूची रायफल एकच आहे, आणि तिच्यावर माझा जीव आहे हे सांगायला मला लाज वाटत नाही.

एकच रायफल म्हणजे राज्याच्या निवड चाचणीला एकच मुलगी जाणार. पौर्णिमा वानखडे नाहीतर सानिका. सानिका शेगावचीच. पौर्णिमा वरवट बकालची, पहाटेच्या एस.टी.ने यायची आणि रेंजवर सगळ्यात आधी पोचायची. एका डावात साठ गोळ्या असतात. पौर्णिमेच्या शेवटच्या पन्नास गोळ्या अशा बसायच्या की बघत राहावं. पहिल्या दहा मात्र रोज भरकटायच्या. स्पर्धेत गुण धरायच्या आधी हव्या तितक्या गोळ्या झाडून हात बसवून घेता येतो. आमच्याकडे गोळ्या मोजक्या, म्हणून सरांचा नियम होता, दोनच. तिसरीपासून गुण धरायचे.

सरांनी निदान करून टाकलं होतं. "सुरुवातीले तिचे हात कापतात. इथं कापतात तं ट्रायलवर काय होईन?" रविवारी ते सानिकाचं नाव पाठवणार होते. मला ते पटेना. कापणारे हात मी आयुष्यभर पाहिलेत, तिचे तसले नव्हते. म्हणून म्हटलं, आधी रायफल तपासू, मग पोरीला बोल लावू.

रायफल तपासतात ती अशी. वाळूच्या पिशव्यांवर ती पक्की टेकवायची, म्हणजे माणसाचा हात मधे येत नाही. मग वेगवेगळ्या डब्यांतल्या दहा-दहा गोळ्या एकाच बिंदूवर झाडायच्या आणि भोकं किती जवळ पडली ते पाहायचं. प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते. एका कारखान्याची गोळी तिला मानवते, दुसऱ्याची मानवत नाही. एकाच कारखान्याचे दोन लॉट असले तरी फरक पडतो. आणि कोणत्याच डब्यावर अन्याय नको म्हणून मी प्रत्येक डब्यानंतर बॅरल आतून लख्ख पुसत होतो. फौजेत हाच धर्म. गोळी झाडली की बॅरल साफ.

तिन्ही कागद वाईट निघाल्यावर मी म्हणालो, "पुन्हा पहिल्यापासून करू." पण पुसायच्या चिंद्या संपल्या होत्या. चिंदी म्हणजे पांढऱ्या फ्लॅनेलचा लहानसा तुकडा, तो रॉडला लावून बॅरलमधून ओढतात. मी खोलीत जाऊन कात्री शोधली, कापड कापलं. तेवढ्यात रेंजवरून ठाक, ठाक ऐकू येऊ लागलं.

बाहेर आलो तर पिशव्यांमागे पौर्णिमा नेम धरून पालथी पडलेली. पिवळा डबा उघडा होता.

"बॅरल पुसल्याशिवाय झाडली?" माझा आवाज चढला.

"सर म्हणे, तुमी येतपर्यंत दहा झाड. मी झाडल्या."

"हाव, मीच म्हटलं," मुळे सर म्हणाले. "किती वाट पाहाची तुमची?"

मी तणतणत कागद आणायला गेलो. दहा भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात होती. मी खरंच खिशातून नाणं काढून ठेवून पाहिलं. रायफल तीच, डबा तोच, पिशव्याही त्याच. फरक एकच होता. माझी चिंदी फिरली नव्हती.

फौजेतल्या गोळीला तांब्याचं आवरण असतं. पॉइंट टू-टूची गोळी उघड्या शिशाची, वर मेणासारखा थर. झाडता झाडता त्या मेणाचा पातळ लेप बॅरलच्या आत बसतो आणि पुढच्या गोळ्या त्यावरून एकसारख्या सरकतात. घासून लख्ख केलेल्या तव्यावर पहिलं धिरडं चिकटतं, त्यातलाच प्रकार. मी रोज तवा घासत होतो. हे मला पुस्तकातून माहीत नव्हतं असं नाही. पण चोवीस वर्षांची सवय पुस्तकाचं ऐकत नाही.

आणि रोज सकाळी पहिली गोळी कोण झाडायचं? पौर्णिमा. सानिका नऊनंतर यायची, तोवर बॅरल तयार झालेली असायची. वर आणखी एक. मी संध्याकाळी रायफल पुसून ठेवायचो ती ठेवायचोच, पण सकाळी पौर्णिमा यायच्या आधी पुन्हा एकदा पुसायचो. पोरगी इतक्या लांबून उपाशीपोटी येते, तिला हत्यार चकचकीत मिळावं म्हणून. माझ्या या मायेच्या पुसण्याने तिच्या पहिल्या दहा गोळ्या बिघडत होत्या. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

मुळे सरांना सगळं सांगितलं. त्यांनी नाण्याखालचा कागद दोनदा पाहिला.

"म्हणजे दोष गोळीचा नाही, पोरीचाबी नाही?"

"माझा आहे."

"लिहून देता का?"

"देतो."

ते हसले. "ऱ्हाऊ द्या. रविवारी दोघींचा डाव घेतो, तवा पुसू नका म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी तपासणी पुन्हा केली, या वेळी मधे न पुसता. डबा बदलला की पहिल्या दहा गोळ्या धरायच्या नाहीत, जुना लेप जाऊन नवा बसू द्यायचा. पिवळा डबा सरस निघाला, निळा जवळपास, हिरवा आमच्या रायफलला अजिबात मानवला नाही. रविवारी मी हात मागे बांधून बसलो. हात शिवशिवत होते. पौर्णिमेच्या पहिल्या दहाला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण आले. शेवटी सानिका चार गुणांनी मागे राहिली, आणि पौर्णिमेच्या जड जॅकेटचे बंद सोडायला तीच पुढे झाली.

सर चाचणीचा फॉर्म भरत बसले. मी पौर्णिमेची गुणांची वही सहज चाळली. महिनोन्‌महिने पहिल्या दहाला अठ्ठ्याऐंशी, नव्वद, सत्त्याऐंशी. मधेच एका दिवशी सत्त्याण्णव, आणि बाजूला पेन्सिलीने फुली. आणखी एका पानावर पुन्हा तसंच.

"हे काय व पोरी?"

"तुमी अमडापूरले लग्नाले गेले होते, तो दिवस. दुसऱ्या वेळी तुमाले ताप होता. रायफल तशीच होती, आदल्या दिवसापासून कोणी पुसली नव्हती."

"म्हणजे तुले माहीत होतं?"

"हाव."

"मंग सांगितलं काऊन नाही? नंबर जाऊन राह्यला होता तुझा."

"तुमी सकाळी माझ्यासाठी दुसऱ्यांदा पुसून ठेवता न, उस्ताद. नका पुसू, असं कोण्या तोंडानं म्हणू?"

मी चष्मा पुसायला खिशातून चिंदी काढली.

पौर्णिमा राज्याच्या संघात निवडली गेली. रायफल आता मी ठरलेल्या दिवशीच साफ करतो, आणि नंतर वीस गोळ्या स्वतः झाडून मगच मुलींच्या हाती देतो. नव्या गोळ्या तपासायच्या असल्या तर वाळूच्या पिशव्या मांडण्याआधी मुलींच्या वह्या मागून घेतो. तोंडी विचारत नाही. वहीला माझी भीड नसते.