गेटवरचा कोड

ती बाई आमच्या अंबरनाथच्या कारखान्यात एकदाच आली. नाव विचारायचं राहूनच गेलं. आमचा कॉम्प्युटरचा बॅकअप सुरक्षित आहे का, एवढंच तिला तपासायचं होतं. तिने बिनसाखरेचा चहा घेतला आणि दर दोन मिनिटांनी ती ओढणीने चष्मा पुसत होती.

मी छाती फुगवून सांगितलं, "मॅडम, नुसत्या पासवर्डवर आमचा बॅकअप उघडत नाही. मोबाईलवर कोड येतो. तिन्ही शिफ्टला मिळावा म्हणून तो मोबाईल गेटवर वॉचमनकाकांकडेच ठेवलाय."

तिने चष्मा पुसला. मॉनिटरवर चिकटवलेला पासवर्ड टाकला आणि भिंतीवरचा नंबर बघून स्वतःच्या फोनवरून गेटला फोन लावला. "काका, स्टोअरमधून बोलतेय. कोड आला का हो?"

काकांनी सहाही आकडे वाचून दाखवले. वर म्हणाले, "अजून लागला तर सांगा, ताई."

बारा वर्षांची ड्रॉइंग्ज समोर उघडली. तिने बाण 'डिलीट'वर नेला आणि माझ्याकडे बघत हात मागे घेतला.

"काकांवर ओरडू नका," ती म्हणाली. "कोड द्यायला तुम्हीच शिकवलंत. नाही म्हणायला कुणी शिकवलं?"

ती गेल्यावर मी तडक गेटवर गेलो. काका गेटवरचं सगळं रजिस्टरमध्ये लिहितात, कोड कुणी मागितला तेसुद्धा. त्यांनी कौतुकाने पान माझ्यापुढे सरकवलं. ऑफिस, स्टोअर, ऑफिस. आणि गेल्या रविवारी, कारखाना बंद असताना, त्यांच्या गोल अक्षरात: "नाव सांगितलं नाही. घाईत होते. कोड दिला."