उडवलेली ओळ

“आधी चुकून बघू की!” असं म्हणत सर मुद्दाम नको ते बटण दाबायचे आणि मी कपाळाला हात लावायचे.

सरांची सोलापुरात टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. ती बंद पडली, पण हे गृहस्थ गप्प बसणारे थोडेच! शाळांतून वापरतात ते एक फुकट, सगळ्यांसाठी खुलं सॉफ्टवेअर आहे. त्याची मदतीची पानं तुमच्या-आमच्यासारखेच लोक लिहितात. मराठी पानं आम्ही दोघं सुधारायचो. मी पडले मास्तरीण, माझं सगळं लक्ष भाषेवर. सर मात्र त्या सॉफ्टवेअरमध्ये सरावासाठी एक खोटा वर्ग उघडायचे, त्यात शिक्षक घालतील ते सगळे घोळ स्वतः घालायचे आणि मगच लिहायला बसायचे.

“अहो सर, एवढं कोण चुकतं?”

“मी चुकलो की आत्ताच!”

‘जुना वर्ग डिलीट कसा करावा’ या पानावर त्यांनी लिहिलं होतं : आधी प्रत काढून ठेवा, गेलेला वर्ग परत येत नाही. मला ते पाल्हाळ वाटलं. त्यांना न विचारता मी ती ओळ उडवली. शहाणपणा, दुसरं काय!

पंधरा दिवसांनी वळसंगच्या एका शिक्षिकेचा सरांना फोन आला. पानाखाली नाव आणि नंबर त्यांचाच होता. आमचं पान वाचून तिनं वर्ग डिलीट केला होता. वर्षभराचे धडे आणि पोरांच्या चाचण्या, सगळं गेलं. मी शेजारीच बसले होते. कुणी काय बदललं याची नोंद सरांनी उघडली, माझं नाव वाचलं. “चुकलं बाई, माझ्याकडनं राहिलं,” ते फोनवर म्हणाले आणि ओळ परत लिहिली.

मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी उद्या बोलू, उद्या बोलू करत राहिले आणि एका पहाटे सर झोपेतच गेले.

वळसंगच्या बाई सरांच्या घरी भेटायला आल्या. “मानूस लई चांगला. चुकले, पण कबूल केलं की,” म्हणाल्या. सरांच्या बायकोनं, वहिनींनी, मान खाली घातली. मी चहाचे कप उचलून आत गेले.

तेव्हापासून कुठलंही पान उघडलं की मागं सर खाकरल्यासारखे वाटतात. मी वळून बघते. खरंच बघते.

काल वळसंगला फोन केला. “बाई, ती ओळ मी काढली होती. सरांनी नाही.”

बाईंनी विचारलं, “त्यांच्या घरी सांगितलं का, मॅडम?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगताय?”

आज सांगायचंच म्हणून सरांच्या घरी गेले. वहिनींनी सरांची खुर्ची पदरानं पुसून पुढं केली. “बसा की,” म्हणाल्या. “त्यांच्यामागं तुम्हीच तेवढ्या येता.”