एक मेपर्यंत आत जायचं नाही

"वजन किती तुमचं?"

काकांचा पहिला प्रश्न हा असायचा. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. गोरा असो की आपला, बाई असो की बुवा, डोंगराच्या फाटकापाशी गाडी थांबली की काका घडीच्या खुर्चीतून उठायचे, कानटोपी जरा वर सरकवायचे आणि गाडीच्या खिडकीत वाकून वजन विचारायचे. इंग्रजीत विचारायचे तेव्हा ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. अमेरिकेत माणसाला पगार विचारलेला एक वेळ चालेल, वजन विचारलेलं चालत नाही.

एकदा दाढीवाला एक दणकट माणूस ट्रक घेऊन आला होता. त्याने अभिमानाने दोनशे साठ पौंड सांगितलं. काका म्हणाले, "व्हेरी गुड. यू गिव्ह सिक्स्टी पाउंड, देन गो इनसाइड." त्याला काही कळेना. मग काकांनी डोंगराकडे बोट दाखवून सांगितलं, "अ‍ॅनिमल इज ऑन फास्टिंग." तो माणूस हसला, ट्रक वळवून गेला आणि पुढच्या रविवारी काकांसाठी कॉफी घेऊन आला. काका कॉफी पीत नसत. त्यांनी ती त्याच्यासमोर संपवली.

मी हे हसत हसत लिहिते आहे असं वाटलं, तर तसं नाही. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही. कोणाकोणाचा, ते सांगतेच.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या पावसाळी रेडमंडहून पूर्वेला डोंगर ओलांडला की पाऊस संपतो. याकिमाच्या बाजूला, आम्ही राहतो तिथे, उघडेबोडके डोंगर लागतात, पायथ्याला सफरचंदाच्या बागा. वरच्या जंगलात बर्फ साचलं की एल्कचे कळप या डोंगरांवर उतरतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, अंगाने घोड्याएवढा. हिवाळाभर खायला जेमतेम, अंगावरच्या चरबीवर दिवस काढायचे. मार्चमध्ये नरांची शिंगं आपोआप गळून पडतात, दरवर्षी नवी येतात. ती पडलेली शिंगं गोळा करायला लोक लांबून येतात. कोणाला दिवाणखान्यात झुंबर करायचं असतं, कोणाला कुत्र्याला चघळायला द्यायचं असतं. शिंगं उचलायला इथे बंदी नाही. बंदी आहे ती वेळेची. एक मेच्या सकाळपर्यंत त्या डोंगरावर पाऊल टाकायचं नाही, कारण माणूस दिसला की जनावर पळतं, आणि मार्चमधल्या जनावराच्या अंगात पळण्याइतकं काही उरलेलं नसतं.

काका मेळघाटातून वनपाल म्हणून निवृत्त झालेले, घर अमरावतीला. काकू गेल्यावर त्यांच्या मुलीने, मेधाने, त्यांना इकडे आणलं. मेधा आमच्या हॉस्पिटलात डॉक्टर, मी तिथल्याच लॅबमध्ये, आणि घरं दोन दारं सोडून. पहिला हिवाळा काकांनी खिडकीत बसून काढला. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना कळलं की फाटकावर बसायला स्वयंसेवक हवे आहेत. मेधा सांगायची की बाबांनी फॉर्म त्याच रात्री भरला. नारिंगी जॅकेट मिळालं त्या दिवशी ते घालूनच ते जेवायला बसले.

इथला कायदा त्यांना मुळीच पटला नव्हता. आपल्याकडे जंगलात पडलेलं शिंगही सरकारचं, ते घरात सापडलं तर गुन्हा. इथे उचलायची मोकळीक आणि वर तारीख ठरवून दिलेली, हे त्यांना अर्धवट वाटायचं. पण हाती दिलेला कायदा ते पुरेपूर राबवायचे. कोणाला अडवायचा अधिकार त्यांना नव्हता. समजावून सांगायचं, ऐकलं नाही तर गाडीचा नंबर लिहून अधिकाऱ्याला फोन करायचा, एवढंच काम. ते त्यांनी तीन हिवाळे केलं.

एका जानेवारीत त्यांनी मला बाहेरच्या रस्त्यावरून दुर्बिणीतून कळप दाखवला. अर्धा तास मी गारठत उभी होते आणि ते सांगत होते. ती पुढची म्हातारी मादी, कळप तिच्या मागे चालतो. ती मागची, पोटुशी आहे, चालण्यावरून कळतं. आणि तो दोन खडकांमधला खळगा, तिथे वारा लागत नाही, नर तिथे बसतात, शिंगं सगळी तिथेच पडतात. "हे कोणाला सांगायचं नाही," ते म्हणाले, "तू घरची म्हणून दाखवून राहिलो." मी बरं म्हणाले.

त्यानंतरच्या मार्चमध्ये माझा मावसभाऊ निखिल रेडमंडहून आईला घेऊन दोन दिवस राहायला आला. मावशी साताऱ्याहून आलेली, रेडमंडच्या पावसात तिची छाती भरली होती. सारखी खोकत होती. गोळ्यांवर तिचा विश्वास नव्हता. तिला हवं होतं सांबरशिंग, सहाणेवर उगाळून, गरम करून छातीवर लेप द्यायला. सहाण तिने साताऱ्याहून बॅगेत आणली होती. आजीच्या वेळचा शिंगाचा तुकडा मात्र विमानतळावर पकडतील म्हणून घरी ठेवला होता. त्यावरून ती दोन दिवस हळहळत होती.

तुमच्याही घरात असा एखादा तुकडा कधीकाळी डब्यात असेल. आमच्याकडे तो दातदुखीपासून पाठदुखीपर्यंत सगळ्यावर चालायचा. मी मावशीला म्हणाले, अगं इथे तर डोंगरभर पडलेली असतात. माझ्या जिभेला हाड नाही, हे आईने मला लहानपणीच सांगितलं होतं.

निखिल लगेच उठला. मी सांगितलं, आत्ता बंद आहे, एक मेपर्यंत. तो म्हणाला, "मेपर्यंत आई परत गेलेली असेल यार. आपण काय शिकार करतोय का? एक पीस उचलायचाय फक्त." मावशी पुन्हा खोकली. मीच गाडीची किल्ली घेतली. निखिलला जागा ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती.

फाटकावर काका बसलेले असणार, म्हणून मी बागांच्या मागून गेले. तिथे फाटक नाही, नुसती बंदीची पाटी आहे. मावशीला गाडीत बसवून आम्ही दोघं चढलो. खळग्यात शिंग खरंच होतं, माझ्या हाताहून लांब, सहा टोकांचं. निखिलने ते उचलून फोटोसाठी डोक्यावर धरलं आणि आम्ही दोघंही हसलो. तेवढ्यात वरच्या झुडपांमागून कळप उठला. तीस-चाळीस जनावरं, आवाज न करता, एकदम उतारावर. बर्फाला वरून कडक पापुद्रा आला होता. पाय त्यातून आत जात होते आणि तरी ती पळत होती. खाली बागांच्या कडेला आठ फुटांचं जाळीचं कुंपण आहे. बाकीची वळली. एक वळली नाही.

आम्ही खाली पोचलो तेव्हा काका तिथे होते. फाटकावरून त्यांनी कळप फुटताना पाहिला होता आणि वय विसरून कुंपणाच्या कडेने आले होते. मादीचा मागचा पाय मोडून जाळीत अडकला होता. ती धडपडत होती, मग थांबत होती, मग पुन्हा. काका आमच्याकडे बघत नव्हते. त्यांनी अंगातलं जॅकेट काढून तिच्या डोळ्यांवर टाकलं, आणि मग ती जरा शांत पडली.

अधिकारी आला, त्याने पाहिलं आणि बंदूक आणायला गाडीकडे गेला. एका गोळीचं काम होतं. निखिलने शिंग जॅकेटच्या आत लपवलं होतं आणि त्याचं टोक गळ्यापाशी बाहेर आलं होतं. अधिकाऱ्याने काकांना विचारलं, यांना ओळखता का?

"येस," काका म्हणाले. "माय डॉटर्स फ्रेंड. राइट द नेम."

मी तेव्हा त्यांच्यावर चिडले होते. खरं सांगायचं तर भयंकर चिडले होते. समोर जनावर मरून पडलेलं होतं आणि माझ्या मनात एवढंच की काकांनी मला ओळखायला नको होतं.

निखिलचं ग्रीन कार्ड कित्येक वर्षं रांगेत होतं आणि आता कुठे नंबर जवळ आला होता. केस अंगावर आली तर सगळं जाईल, असं त्याला कोणीतरी सांगितलं. घरी जाऊन तो फोनवर फोन करत होता, मावशी रडत होती. शेवटी ठरलं की मी काकांकडे जायचं आणि म्हणायचं, आम्ही पाटीच्या अलीकडेच होतो असं सांगा, शिंग तिथेच सापडलं असं सांगा. बस. एवढं एक वाक्य. मी गेले.

काका स्वयंपाकघरात जॅकेट धूत होते. मी सगळं सांगितलं. ग्रीन कार्ड, इतकी वर्षं, निखिलची दोन मुलं.

"तू पाटीच्या अलीकडे होतीस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

मी म्हणाले, काका, आपलीच माणसं आहेत. त्यावर त्यांनी नळ बंद केला. मेळघाटात त्यांनी स्वतःच्या सख्ख्या साडूला सागाच्या गाडीसकट पकडलं होतं. काकू चार महिने बोलल्या नव्हत्या. हे त्यांनी मला अगदी साधेपणाने सांगितलं, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट. मग म्हणाले, "निखिलवर माझा राग नाही. तो आंधळा आला, आंधळा गेला. त्या खळग्यात तुला मी नेलं होतं, दुर्बिणीने." जॅकेट पिळत म्हणाले, "तिच्या पोटात होतं. मी हात लावून पाहिलं. दोन महिने राहिले होते."

मी उठून आले. त्यांनी जबाब बदलला नाही.

आता बाकीच्यांचं. आमच्या भागात मराठी घरं आठ. पंधरा दिवसांत आठही घरांना कळलं, आणि कळलं ते असं, की काकांनी आपल्याच माणसाला पकडून दिलं. मेलेल्या मादीचं नाव कोणी घेतलं नाही. आपलेच दात आपलेच ओठ, म्हातारपणी एवढी कसली फौजदारकी, एका शिंगासाठी पोराच्या आयुष्याशी खेळ. ज्यांनी कधी त्या डोंगराकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, ते लोक ग्रुपवर जंगलाचे नियम सांगायला लागले. पाडव्याचं जेवण एका घरी होतं. मेधाला निरोप गेला, या वेळी जागा कमी आहे. जागा कमी नव्हती. मी तिथे होते, दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मला बोलावलं होतं, कारण मी बिचारी, माझ्यावर अन्याय झाला होता. मी मूग गिळून गप्प बसले. मूग कसले, श्रीखंड गिळलं, दोन वाट्या. त्यात एकदाही मी म्हणाले नाही की जागा मी दाखवली, गाडी मी चालवली.

याचाच राग आहे. निखिलचा आहे, त्या आठ घरांचा आहे, पण त्या दोन वाट्यांचा सगळ्यात जास्त आहे.

पुढे काय झालं तेही ऐका. शिंग जप्त झालं, आम्हा दोघांना दंड झाला, आणि संपलं. निखिलचे कागद आपल्या वेळेला पुढे सरकले, कोणी काही विचारलं नाही. मावशीचा खोकला डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांनी आठवड्यात गेला. सहाण ती परत घेऊन गेली.

मेधाला मात्र फोन येत राहिले. कोणी समजुतीचे, कोणी टोमण्याचे. हॉस्पिटलात ती माझ्याशी रिपोर्टपुरतं बोलायची. काकांनी एप्रिलमध्ये परत जायचं ठरवलं. इथली थंडी गुडघ्यांना सोसत नाही, असं त्यांनी सांगितलं. तीन हिवाळे त्याच गुडघ्यांवर ते बर्फात उभे राहिले होते. फाटकाची पाळी त्यांनी शेवटच्या रविवारपर्यंत चुकवली नाही. एक मे उजाडायला तेव्हा दहा दिवस होते.

निघायच्या दिवशी मेधाला इमर्जन्सी आली. मला ते लॅबमध्ये कळलं. मी रजा टाकून गाडी काढली. विमानतळ तीन तासांवर, डोंगर ओलांडून जायचं. काका पेट्रोल पंपाजवळच्या थांब्यावर दोन बॅगा घेऊन उभे होते.

मी म्हणाले, काका, बसा, मी सोडते. ते म्हणाले, बसचं तिकीट काढलंय. मी म्हणाले, एवढ्या बॅगा घेऊन बसने कशाला. ते रस्त्याकडे बघत राहिले. मी खाली उतरले, म्हणाले, "काका, चुकलं माझं. तीन तासांचा रस्ता आहे, मला तुमच्याशी बोलायचंय."

"म्हणूनच," ते म्हणाले. "मला नाही बोलायचं."

आवाज चढलेला नव्हता. बस आली. ड्रायव्हरने खालचं सामानाचं दार उघडलं. मी जवळची बॅग उचलायला वाकले, तर काकांनी ती माझ्याआधी उचलली. दुसरी त्यांच्या हातात होतीच. दोन्ही बॅगा एकट्याने ओढत ते बसपाशी गेले, आणि मी मोकळ्या हातांनी तिथेच उभी राहिले.