हिलालमामाचे नऊ तणमोर

शिकलेल्या माणसाला घरी जेवायला बोलावताना जरा विचार करावा, असं मी आता म्हणतो. मी स्वतः धुळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणजे शिकलेल्यातच जमा. तरी म्हणतो, कारण देवस्थळीला रोहिणखेड्यात, माझ्या मामाच्या गावी, मीच नेलं.

ते १९८३ साल. देवस्थळी पुण्याकडच्या एका संस्थेत पाखरांवर संशोधन करायचा. तिशीचा, दाढीवाला, गळ्यात दुर्बीण. त्याला खान्देशातले तणमोर मोजायचे होते. तणमोर म्हणजे कोंबडीएवढं पाखरू. एरवी गवतात असून दिसत नाही. पावसाळ्यात मात्र नर काळाभोर होतो आणि मादीला दिसावं म्हणून गवतातून सरळ पुरुषभर वर उडी मारतो, पंख फडफडवतो आणि खाली उतरतो. दिवसभर हाच उद्योग. मी देवस्थळीला म्हटलं, पुस्तकं ठेवा बाजूला, माझ्या मामाला भेटा.

हिलालमामा गावच्या कुरणाचा राखणदार होता. कुरण सरकारी, पण दसऱ्यानंतर गवत कापायचा हक्क गावाचा, पिढ्यानपिढ्यांचा. तोवर कुणाचं ढोर आत शिरू द्यायचं नाही, हे मामाचं काम. त्याबद्दल घरटी पायलीभर ज्वारी मिळायची. मामा उंच, काटक, आणि बोलायला कंजूस. सुंदरामामी म्हणायची, या माणसाचं लग्न कुरणाशी लागलंय, मी आपली पाहुणी.

देवस्थळीने पहिल्या आठवड्यात कुरणात तेवीस नर मोजले आणि खूश झाला. मामाने वही पाहिली नाही, नुसता आकडा ऐकला आणि मान हलवली. नऊच आहेत म्हणाला. मग त्याने देवस्थळीला पहाटे टेकाडावर नेऊन बसवलं. प्रत्येक नराची उडी मारायची जागा ठरलेली असते, तो दरवर्षी तिथेच येतो, हे मामाला बापाकडून कळलेलं. त्याने त्यांना जागेवरून नावं ठेवली होती. बोरीवाला, नाल्यावाला, धोंड्यावाला. साहेब उड्या मोजत होते, मामा घरं मोजत होता. चार दिवसांनी देवस्थळीने तेवीस खोडून नऊ लिहिले, आणि मला म्हणाला की सहा वर्षं शिकून जे कळलं नाही ते या माणसाने चार सकाळींत शिकवलं. मला फार बरं वाटलं. मामाचा भाचा असल्याचा तोरा मी महिनाभर शाळेत मिरवला.

असे चार पावसाळे गेले. देवस्थळी मामाच्याच ओसरीवर उतरायचा, मामीच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचा, घाम पुसत आणखी मागायचा. घरातलाच झाला होता.

त्यातल्या चौथ्या पावसाळ्यात पोळ्याचा दिवस आला. आमच्याकडे पोळ्याला बैल धुऊन, सजवून, पुरणपोळी खाऊ घालतात, आणि त्याआधी मालक त्याच्या पाया पडून वर्षभराच्या माराची माफी मागतो. त्या दिवशी मनात काही ठेवायचं नाही, जे चुकलं ते बोलून टाकायचं. मामी खापरावर मांडे करत होती, देवस्थळी पाटावर बसला होता. मामा बैलांच्या पाया पडून उठला, आत आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला,

"साहेब, मागला साली मना ईळाखाले दोन अंडा फुटनात. कोनले सांगेल नही."

त्या साली वैरण संपली होती, म्हणून मामाने स्वतःच्या गाईंसाठी दसऱ्याआधीच बांधाकडचं भारा-दोन भारे गवत कापलं. तिथे तणमोराच्या मादीने अंडी घातली होती. विळा त्यांवरूनच गेला. एवढंच. पण सांगून झाल्यावरही मामा पाटावर बसेना, तेव्हा देवस्थळीने उठून त्याचा हात धरला. म्हणाला, असं होतं आबा, तुम्ही जेवढं जपलंत तेवढं कुणी जपलं नाही. मामाचा चेहरा मोकळा झाला. मग दोघं जेवले.

मी तिथेच होतो. रात्री देवस्थळी वही लिहीत बसला तेव्हाही तिथेच होतो. मला काही वाटलं नाही. का वाटावं?

१९८७ मध्ये अहवाल छापून आला. देवस्थळीने एक प्रत मला पाठवली, वर 'सप्रेम' लिहून. मी रविवारी एसटीने गावी गेलो. मामा अंगण झाडून, स्वच्छ टोपी घालून बसला होता, जणू पोथीच वाचायची आहे. मी एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागलो. नऊ नर. उड्या मारायच्या जागा. बोरी, नाला, धोंडा, सगळं नकाशात. मामा मान डोलवत होता. मग धोक्यांचं प्रकरण आलं. तिथे लिहिलं होतं की या पाखराला मुख्य धोका गावकऱ्यांच्या गवतकापणीचा आहे. कापणीत अंडी नष्ट होतात. खुद्द राखणदाराने मुदतीआधी गवत कापून घरटं नष्ट केल्याची कबुली दिली आहे. सबब कुरण कापणी आणि चराई यांना कायमचं बंद करावं.

मी थांबलो. पान उलटावं असं मनात आलं. पण मामा माझ्याकडे बघत होता, त्यामुळे उलटता आलं नाही, वाचलं. मामाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला,

"मनं नाव शे का त्यामा?"

मी म्हटलं, नाव नाही, राखणदार म्हटलंय. मामा म्हणाला, गावात राखणदार एकच शे.

मला इतका संताप आला की मी तिथेच वही-पेन घेऊन देवस्थळीला पत्र लिहिलं. चार वर्षं ज्याचं अन्न खाल्लं, त्याने पोळ्याच्या दिवशी सांगितलेलं तुम्ही छापलंत? उत्तर आलं, सभ्य आणि लांबलचक. शास्त्रात निरीक्षण लपवता येत नाही, व्यक्तिशः घेऊ नये, आबांना नमस्कार. नमस्कार मी मामाला सांगितला नाही.

पुढच्या साली वरून हुकूम आला. कुरणाभोवती तार पडली, फाटकाला कुलूप लागलं, पगारी पहारेकरी आला. गवत बंद झालं तशी गावाने ढोरं धुळ्याच्या बाजारात नेली. मामाच्या चार गाईही गेल्या. ज्वारीची पायली बंद झाली, ते चालण्यासारखं होतं. पण पारावर मामा गेला की लोक गप्प व्हायचे, आणि एकदा तोताराम पाटलाने तोंडावर सांगितलं, तुनाच पाव्हणा व्हता ना. मामाने पारावर जाणं सोडलं.

आणि तणमोर? न कापलेलं गवत दुसऱ्या वर्षी छातीएवढं झालं, तिसऱ्या वर्षी त्यात बाभळी शिरल्या. एवढ्या दाटीत उडी मारून कोणाला दिसणार? पाच वर्षांत कुरणात एकही नर उरला नाही. मामाला हे आधीच माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं.

पाखरं मात्र मेली नव्हती. गावाच्या वर सरकारी बरड आहे, मुरमाड जमीन, गुडघ्याएवढं कुसळी गवत. तिथे तीन नर उड्या मारू लागले. मामा रोज पहाटे काठी टेकत वर जायचा. मला एकदा नेलं आणि कुणाला बोलू नको म्हणाला.

१९९६ च्या पावसाळ्यात देवस्थळी जीपने आला. दाढी पिकली होती, बरोबर दोन विद्यार्थी. त्या रविवारी मी गावातच होतो. कुरणात फिरून तो मामाच्या अंगणात आला तेव्हा खरोखर खचला होता. खोटं कशाला बोलू, त्याला मनापासून दुःख झालं होतं. मामीने पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. त्याने विचारलं, आबा, आसपास कुठे एखादा तरी दिसतो का?

मामाने त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नही साहेब. बठ्ठा गयात."

विद्यार्थी म्हणाला, सर, वरचं बरड पाहूया का? देवस्थळीने मान हलवली. म्हणाला, हिलालआबा नाही म्हणतात म्हणजे नाहीच, यांचा आकडा कधी चुकलेला नाही. त्याने वहीत लिहिलं आणि जीप गेली. मी मनात म्हटलं, बरी जिरली. मला आनंद झाला होता, हे कबूल करतो.

पुढच्या उन्हाळ्यात बरडावर खडी फोडायच्या मशीनला मंजुरी मिळाली. मामा ऐकताच तालुक्याला गेला, मला सोबत घेऊन. टेबलामागच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फाईल उघडून आमच्याकडे फिरवली. त्यात देवस्थळीचा नवा अहवाल लावला होता. परिसरात तणमोर शिल्लक नाही. मामा म्हणाला, ते मीच सांगितलं होतं, ते खोटं होतं. बाई म्हणाल्या, बाबा, हे शास्त्रज्ञांचं आहे, छापलेलं आहे. तुमच्याकडे लेखी काय आहे?

मी देवस्थळीला तार केली. मग पत्र. तो कुठल्याशा परिषदेला परदेशी गेला होता. परत येऊन त्याने उत्तर लिहीपर्यंत बरडावर दोन सुरुंग उडाले होते.

तालुक्याला गेलो त्या दिवशी एसटी स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघत असताना मामा पहिल्यांदा आणि शेवटचं त्याबद्दल बोलला.

"इतला साल खरं सांगं ते मनावरच उलटनं. एक डाव खोटं बोलनू, ते त्यासनी खरं धरं."

मग गाडी लागली. मामाने मला खिडकीची जागा दिली आणि घर येईपर्यंत बाहेर बघितलं नाही.