झाकणावरचं अक्षर

त्या बाजाररस्त्यावर उभं राहून मान वर केली की पेंटरचा हात दिसायचा. कापडाचं दुकान, चष्म्याचं दुकान, चाव्या करून देणाऱ्याची टपरी, पार टोकाची पिठाची गिरणी, सगळ्यांच्या कपाळावर त्याचंच अक्षर. भरदार, पोटात गोल, पायाशी घट्ट. पण पेंटर स्वतः मात्र वर कधी दिसला नाही. शिडीच्या पहिल्या पायरीवरसुद्धा कुणी त्याला पाहिलं नव्हतं.

"बोर्ड खाली आणा," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "लोंबकळत काढलेलं अक्षर मला चालत नाही. मी मांडी घालून काढणार. पटत असेल तर बोला."

गिऱ्हाइकं कुरकुरायची आणि शेवटी बोर्ड उतरवून आणायची. हळूहळू ही गोष्ट त्याच्या नावाला चिकटली. माणूस तऱ्हेवाईक आहे, पण हात सोन्याचा आहे, असं लोक म्हणू लागले. दोन-तीन पेंटरांनी तर त्याचं बघून शिडी सोडली आणि तेही ऐटीत जमिनीवर बसायला लागले. अशी स्तुती कानावर आली की पेंटर खाली बघून हसायचा आणि उगाच ब्रश पुसत राहायचा. आतून त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण शिडीचा आणि अक्षराचा काही संबंधच नव्हता. पेंटरला फिट यायच्या.

पहिली फिट शाळेत आली होती. वर्ग उभा राहून पाढे म्हणत होता. मध्येच आवाज लांब गेले, फरशी वर आली, आणि डोळे उघडले तेव्हा वरून गोल करून सगळे चेहरे त्याच्याकडे बघत होते. चड्डी ओली झाली होती. ती ओल त्याला आजही आठवते. तोंडातलं रक्त आठवत नाही, डोक्याचं टेंगूळ आठवत नाही, ती ओल आठवते. पुढे कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत पोरं पटांगणात पडून हातपाय झाडायची आणि हसून हसून लोळायची. सगळ्यात हुबेहूब नक्कल त्याच्याच बाकावरचा दोस्त करायचा. पेंटर स्वतःही त्यांच्यात उभा राहून हसायचा. न हसून सांगतो कुणाला?

आईनं घरी एकच गोष्ट बजावली होती, "बाहेर बोलायचं नाही." ती गोष्ट त्यानं जन्मभर पाळली. शाळा तेवढी सुटली. अक्षर तो दुकानांच्या पाट्या बघून शिकला, ओल्या बोटानं दगडावर गिरवून. दगड वाळला की अक्षर पुसलं जायचं आणि तो पुन्हा गिरवायचा. कुणी शिकवलं नाही, म्हणून ते कुणासारखं झालंही नाही.

मोठेपणी एक शहाणा डॉक्टर भेटला. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. गोळी चुकवायची नाही. उंचावर चढायचं नाही. एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही. उघड्या जाळाशी काम करायचं नाही. "बाकी खुशाल जगा," ते म्हणाले. पेंटरनं सगळं लक्षात ठेवलं, फक्त शेवटचं वाक्य दवाखान्यातच विसरून आला.

सुरुवातीला गोळ्यांनी अंग जड झालं. एका अक्षराची दोन दिसायची. जिना उतरताना पाय पायरीच्या पुढेच पडायचा. मग अंगाला सवय झाली आणि फिट थांबल्या. त्यानंतर एकदाच आली, तीही त्याच्याच करणीनं. बायकोच्या नात्यातल्या एका घरी मुक्काम होता. घर माणसांनी भरलेलं, आडोसा कुठेच नाही. चार माणसांत गोळी काढायची कशी, म्हणून त्यानं दोन-तीन वेळा ती घेतलीच नाही आणि एका सकाळी मोरीत कोसळला. बायको धावली. तिनं त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पंचा सारला, दार आतून लावून घेतलं आणि अंग शांत होईपर्यंत नुसती शेजारी बसून राहिली. मग बाहेर जाऊन म्हणाली, "शेवाळ किती ते! पाय घसरला ह्यांचा." त्या घरच्या बाईनं बिचारीनं दिवसभर मोरी घासली. ती घासताना पेंटर ओट्यावर बसून तो खराट्याचा आवाज ऐकत होता.

गोळ्यांच्या पाकिटावर नाव छापलेलं असतं. नाव कुणीतरी ओळखेल, ही धास्ती. म्हणून तो नदीपलीकडच्या दुकानातून औषध आणायचा, गोळ्या सोलायचा आणि एका चपट्या पत्र्याच्या डबीत भरायचा. त्या डबीच्या झाकणावर त्यानं सगळ्यात बारीक ब्रशनं लिहिलं होतं, 'पित्तासाठी'. पिवळट पांढरा रंग, त्याला निळी सावली. आयुष्यात इतकं देखणं त्यानं दुसरं काही लिहिलं नसेल. डबी कामाच्या जागी ब्रशांच्या शेजारी उघड्यावरच पडलेली असायची. लपवलेल्या वस्तूला लोक हुडकतात, समोरच्या वस्तूकडे कुणी बघत नाही, असा त्याचा हिशोब.

"अहो, कुणीतरी घेईल हो एखादी," बायको म्हणायची.

"दुसऱ्याच्या डबीतली गोळी कोण खातंय?"

खाणारा त्याच्या शेजारीच काम करत होता.

तो बायकोचा धाकटा भाऊ. धंद्यानं सुतार. त्याला सगळे रंधा म्हणायचे, कारण समोर येईल त्याची तो सालटी काढायचा. त्याच्याच शेडमध्ये पेंटर बसायचा. रंधा बोर्ड करायचा, पेंटर रंगवायचा, आणि लावायची वेळ आली की रंधा शिडी चढायचा आणि पेंटर खालून शिडी धरायचा. रंधा एके काळी प्यायचा. इतका, की दुपारनंतर त्याच्या हाती करवत द्यायला लोक भ्यायचे. मग त्यानं एक दिवस सोडली ती सोडली. तेव्हापासून लोक त्याला पुन्हा 'मिस्त्री' म्हणू लागले होते, आणि ते एक नाव त्याला फार गोड वाटायचं.

त्या दिवशी भांड्यांच्या दुकानाचा लांबलचक बोर्ड लावायचा होता. मालक हमालांना घेऊन रस्त्यात उभा होता, बघे जमले होते. शिडी भिंतीला लागली. रंधानं स्क्रू खिशात टाकले आणि छाती चोळली.

"सकाळपासून जळजळतंय, दाजी. निघताना तुमच्या डबीतल्या टाकल्या दोन. एवढी वर्षं खाताय, पण कडू आहेत हो भलत्याच! तुमचं पित्त म्हणूनच भितं वाटतं त्यांना."

हमाल हसले. पेंटरनं रंधाकडे वळून बघितलं.

"दोन?"

"एकीनं माझं काय होणार? मी काय तुमच्यासारखा नाजूक आहे?"

"आज राहू दे," पेंटर म्हणाला. "उद्या लावू."

"उद्या?" मालक पुढे आला. "उद्या दुकान उघडतंय माझं. का राहू दे?"

का, ते सांगायला एक शब्द पुरला असता. पेंटरनं तो जिभेपर्यंत आणला. समोर मालक होता, हमाल होते, पाट्या बघायला थांबलेली माणसं होती. पुन्हा तोच गोल. "ऊन आहे," तो पुटपुटला.

"ऐका! उन्हानं बोर्ड वितळतो म्हणे," रंधा म्हणाला आणि चढू लागला.

पेंटरनं शिडी अशी गच्च धरली की बोटं पांढरी पडली. दोन गोळ्यांनी काय होतंय, आडदांड गडी आहे, असं तो स्वतःला सांगत राहिला. वर रंधानं एक स्क्रू बसवला. दुसऱ्याला वेळ लागला. स्क्रूड्रायव्हर सटकला, पुन्हा लावला, पुन्हा सटकला.

"दाजी," वरून आवाज आला, जडसर, "हे भोक एकच पाडलं होतं ना आपण? मला दोन दिसतायत."

"उतर!" पेंटर ओरडला. "आहे तसा उतर खाली!"

रंधा वळला. त्याचा पाय पायरीच्या पुढे पडला.

दवाखाना छोटा होता. एका खोलीत रंधा, बाहेर बाकावर बाकीचे. मनगट मोडलं होतं, डोक्याला खोक पडली होती. पण डॉक्टरांना काळजी वेगळीच होती. माणूस शुद्धीवर होता, पण जीभ जड, डोळे ठरत नव्हते, बसवलं तर एका बाजूला झुकत होता. डोक्याच्या आत काही झालंय की दुसरं काही आहे, हे त्यांना कळत नव्हतं.

"पडण्याआधी कसे होते?" त्यांनी विचारलं. "तोल जात होता?"

"जात होता की," भांडीवाला म्हणाला. "जीभ पण अशीच जड. मी काय सांगू, तुम्हीच समजा. जुनं गिऱ्हाईक आहे ते गुत्त्याचं."

रंधाची बायको नुकतीच पोचली होती, पायात दोन वेगळ्या चपला. ती भिंतीला टेकली. "प्यायलेत?" ती म्हणाली. "पुन्हा?" मग नवऱ्याच्या खोलीच्या दाराकडे बघून खालच्या आवाजात, "एवढी वर्षं... मला फसवलंत ना शेवटी."

आतून रंधाचा आवाज आला, लडबडत, "नाही गं... पित्ताची गोळी... विचार दाजींना..." त्या लडबडत्या आवाजावर बाहेर कुणाचा विश्वास बसणार? सोबत आलेल्या हमालानं तोंड फिरवून हसू दाबलं.

पेंटर बाकावर बसून होता. त्याची बायको शेजारी. तिला सगळं कळलं होतं, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती, फरशीकडे बघत होती. तिनं आजवर त्याच्यासाठी दारं लावली होती, शेवाळाला दोष दिला होता. आज आत तिचा भाऊ होता. ती बाकावर थोडी दूर सरकली.

तेवढं अंतर पेंटरला सोसेना. तो उठला.

"डॉक्टर, जरा बाजूला येता?"

"इथेच बोला. मोठ्या दवाखान्यात हलवायची तयारी चाललीय."

"त्यानं गोळ्या खाल्ल्यात. दोन. पित्ताच्या नाहीत त्या."

"मग कशाच्या?"

पेंटर पुटपुटला, "फिटच्या."

"मोठ्यानं बोला हो."

"फिटच्या!" तो इतक्या मोठ्यानं बोलला की दारापाशी झोपलेलं कुत्रं उठून बसलं. "माझ्या आहेत. मला फिट येतात. लहानपणापासून. डबीवर मी खोटं लिहिलंय. त्यानं दारूला हात लावलेला नाही."

त्याला वाटलं, आता गोल होईल. चेहरे वरून वाकतील. पण डॉक्टरांनी फक्त गोळीचं नाव विचारलं, ताकद विचारली, किती वेळ झाला ते विचारलं. "हे आल्या आल्या सांगायचं ना, भल्या माणसा," असं म्हणून ते घाईनं आत गेले. हमाल तंबाखू मळल्यासारखा शांतपणे तळहात चोळत राहिला. भांडीवाल्यानं घड्याळ बघितलं. ज्या एका शब्दाला तो आयुष्यभर भ्याला होता, तो बाहेर पडून कोपऱ्यात जाऊन बसला, आणि कुणाला त्याचं काही पडलं नव्हतं.

रंधाची बायको मात्र त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे कोरडे झाले होते.

"भावजी, फिटचं राहू द्या. फिट काय, कुणालाही येईल. हे चढले तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि शिडी तुम्हीच धरली होतीत ना?"

तेव्हा त्याला कळलं की शाळेतली ती ओल काहीच नव्हती. लाज म्हणजे काय, ते त्याला आज, केस पिकल्यावर कळलं.

रंधाला हलवावं लागलं नाही. तिथेच त्याच्यावर रात्रभर नजर ठेवली. सकाळी जीभ सुटली आणि सुटल्याबरोबर तो म्हणाला, "पित्त मात्र गेलं हं, दाजी. मुळापासून गेलं." त्याची बायको हसली, बहीण हसली. पेंटर हसू शकला नाही. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "तू चढलास तेव्हा." जगाची सालटी काढणारा रंधा नुसती प्लास्टरातली बोटं हलवून बघत राहिला. चार शिव्या घातल्या असत्या तर पेंटरला बरं वाटलं असतं.

हात जुळून यायला दिवस लागले. मधल्या काळात पेंटरनं पॉलिश पेपर घेऊन झाकण घासलं. रंग चांगला होता, सहज निघेना. शेवटी पत्रा उघडा पडला, आणि त्यावर त्यानं काही लिहिलं नाही. गोळ्या आता सोलायच्या नाहीत, पाकिटातच ठेवायच्या, असं त्यानं ठरवलं. बायकोनं ते पाकीट पाहिलं आणि गुपचूप पाण्याचा तांब्या शेजारी आणून ठेवला.

पुढचा बोर्ड एका शिंप्याच्या दुकानाचा होता. संध्याकाळची वेळ. शिडी लागली तसा पेंटर सवयीनं पुढे झाला. रंधानं त्याच्याकडे न बघता शिंप्यानं आणलेल्या नव्या हमालाला हाक मारली.

"तू धर रे इकडे. दाजी, तुम्ही बसा."

त्यात राग होता की काळजी, ते आवाजावरून कळेना. पेंटरनं विचारलं नाही. हात मागे घेऊन तो समोरच्या पायरीवर बसला. गोळीची वेळ झाली होती. त्यानं खिशातून पाकीट काढलं, भर रस्त्यात, आणि एक गोळी फोडून तळहातावर घेतली.

"पित्त का?" हमालानं शिडी धरल्या धरल्या विचारलं.

"नाही. फिट येतात मला."

"हां, हां," हमाल म्हणाला आणि पुन्हा वर बघायला लागला.

गोळी घशाखाली गेली. वर रंधा स्क्रू पिळत होता. मनगट अजून पुरतं वळत नव्हतं, मध्ये मध्ये तो थांबायचा. पेंटर त्याच्या पावलांवरून नजर हलवत नव्हता. बराच वेळ गेला आणि वरून, भिंतीकडे तोंड ठेवूनच, हाक आली.

"दाजी, सरळ आहे का बघा."

पेंटर उठून रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. एक डोळा मिटून बघितलं. अक्षरं सगळी एकेकच होती, आणि उजवीकडे किंचित उतरली होती.

"उजवीकडून उचल," तो म्हणाला. "सावकाश. दोन्ही पाय आधी नीट टेकव, मग उचल."