लंगडणाऱ्यांची मोजणी

"कोठे दुखस, भाऊ? बोट ठेवा." धुळ्याचा तो माणूस रामराम करायच्या आधी हे विचारायचा. विचारताना आपल्या तोंडाकडे पाहायचा नाही, पायांकडे पाहायचा.

तुमच्या गावालाही सरकारी माणसं येऊन गेली असतील. कोणी लस टोचायला, कोणी नसबंदीचं सांगायला. पण आधी पाय पाहणारा मी एवढा एकच पाहिला.

मी दुसरी शिकलेला. फैजपूरकडे केळीचे घड ट्रकमध्ये भरणारी माझी पंधरा जणांची टोळी होती, मुकादम मी. नव्वद सालानंतरची गोष्ट. हा धुळ्याचा माणूस निंबाखाली सतरंजी टाकून बसला. हाडं, सांधे, पाठ, पडणं, मोडणं, एवढंच लिहून घ्यायचा.

"हे मोजून काय करतो रे?" मी विचारलं.

"आबा, मरणारे बठ्ठे मोजतात. जो मरत नाही, नुसता वाकडा होऊन तीस वर्षं जगतो, त्याला कोणत्याच वहीत जागा नाही. आता जगभर त्यांनाही मोजायचं म्हणतात. आपल्याकडची मोजणी खरी झाली, तर तालुक्याला हाडांचा डॉक्टर मागता येईल."

पोरांना त्याच्या अहिराणीचं, 'सगळे'ला 'बठ्ठे' म्हणण्याचं, हसू यायचं. एकजण म्हणाला, "दादा, मले सासू दुखते. बोट कुठे ठेवू?"

त्यानं कागद वरखाली पाहिला. "सासूचा रकाना नाही, भाऊ."

हसले सगळे, पण खरं कोणी सांगेना. शेजारी मी बसलेलो. ज्याचं अंग दुखतं त्याला मी दुसऱ्या दिवशी भरणीला घेत नसे. दुखऱ्या खांद्यावरून घड पडला की केळी काळी पडते, व्यापारी बोलतो मला. पंधराही जण म्हणाले, "काही नही."

दुसऱ्या दिवशी त्यानं आपली पिशवी झाडाच्या उंच खिळ्याला अडकवली आणि एकेकाला म्हणाला, "तेवढी काढून दे रे." चौघांनी काठीनं काढली. दोघांनी दुसऱ्याला हाक मारली. कुणाचा हात वर जात नाही, ते तो गुपचूप पाहत होता.

माझा धाकटा भाऊ सुपडू ट्रकच्या फळीवरून पडलेला. हाडवैदानं बांधलं, पण पाय आखूड राहिला. त्याला विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काही नही."

संध्याकाळी तो धुळ्याचा माणूस माझ्या ओट्यावर आला.

"आबा, तुम्ही एकटे खरं बोला, मागे बठ्ठे बोलतील. तुमची मान वळत नाही. हाक मारली की गाडीबैलासारखे अख्खे वळता."

"दिसतं ना तुला? मग लिही."

"दिसलं ते लिहायला रकाना नाही. माणूस सांगेल तेच लिहायचं."

"मग लिही, मुकादमाले काही होत नही."

त्यानं तसंच लिहिलं. मनानं भरलं असतं तर कोण पाहायला येत होतं? पण नाही भरलं. उठताना म्हणाला, "कागदावर हे पैलवानांचं गाव झालं, आबा." आणि एसटीकडे गेला.

वर्षं गेली, डॉक्टर आला नाही. सुपडूचा खुबा हळूहळू पार गेला. आता त्याला परसाकडे दोघांनी उचलून न्यावं लागतं. एकदा मी त्याचा पाय धरून वळवत होतो, तर म्हणाला, "भाऊ, तू बोलला असता तर मी बी बोललो असतो."

चुकलो असं मी म्हणणार नाही. टोळी मला चालवायची होती. पण पुढच्या आठवड्यात मी धुळ्याची गाडी धरली.

कचेरीत एक तरुण कारकून होता. त्याला त्या मोजणीवाल्याचं विचारलं. म्हणाला, "ते? दोन वर्षं झाली त्यांना वारून."

"आणि मोजणी?"

"ती केव्हाच संपली, आबा."

मी बाकावर बसलो. म्हटलं, लिही. माझी मान. सुपडूचा खुबा. मग टोळीतला एकेक जण घेतला, नाव सांगितलं, कुणाचा खांदा, कुणाची कंबर, कुणाचा गुडघा. पंधराही सांगितले. पोरगा भला होता, शेवटपर्यंत ऐकत राहिला. त्याच्या पेनाला टोपण लावलेलं होतं.