भांडण लावून केलेला अभ्यास

उदगीरच्या एका धर्मादाय दवाखान्यात पंचशीला हनवते ही नवी डॉक्टर आली, तेव्हा गावाने आधी तिचं वय बघितलं, मग उंची बघितली आणि ठरवून टाकलं की ही बाई फार तर सर्दी-खोकल्याची औषधं देईल. पंधरा दिवसांतच तिने मोंढ्याच्या धान्यबाजारातल्या एका हमालाचं फुटलेलं आतडं शिवलं. बरा झाल्यावर त्या हमालाने सदरा वर करून टाक्यांची ओळ इतक्या लोकांना दाखवली, की पंचशीलाला वेगळी पाटी लावायची गरजच उरली नाही.

ती मूळची किनवटकडची. वडील भीमा हनवते जंगलखात्यात चौकीदार. पोरगी मुलींच्या वसतिगृहात वाढली आणि तिथेच तिच्या अंगच्या कळा पहिल्यांदा उजेडात आल्या. वसतिगृहात स्वयंपाकाला दोन बाया होत्या आणि दोघींचंही वरण म्हणजे नुसतं हळदीचं पाणी. पंचशीलाने एकीला हळूच सांगितलं, ‘‘मावशी, तुमच्यापेक्षा त्यांचं वरण लई घट्ट असतं म्हणं.’’ दुसरीलाही जाऊन तेच सांगितलं. पुढे महिनाभर पोरींनी बोटं चाटून वरण खाल्लं. वॉर्डनबाईंना भानगड कळली तेव्हा त्यांनी तिला भांडी घासायला बसवलं, पण वरण पुन्हा पातळ करा, असं काही त्या स्वयंपाकघरात जाऊन बोलल्या नाहीत.

पुढे ती डॉक्टर झाली, सर्जरीच्या वॉर्डात काही वर्षं राबली. पण सर्जनची पदवी घ्यायला गेली, तर मुलाखतीत एक साहेब तिला म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही बाळंतपणं शिका, सर्जरी म्हणजे ताकदीचं काम आहे.’’ ती म्हणाली, ‘‘सर, बाळंतपण तुम्ही कधी बघितलंय का?’’ ती जागा अर्थातच तिला मिळाली नाही. मग तिला दिल्लीच्या राष्ट्रीय बोर्डाच्या परीक्षेचा पत्ता लागला. वॉर्डातली वर्षं धरून बोर्डाने तिला बसायची परवानगी दिली. पास झालं की सर्जन म्हणून छाती पुढे काढून फिरता येणार होतं.

त्या सुमाराला लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत थाटल्या होत्या, जुन्या पाट्यांवरचं ‘उस्मानाबाद’ खरवडून तिथे घाईघाईने ‘लातूर’ रंगवलं जात होतं. आणि त्याच वेळी पावसाने दगा दिलेला. उदगीरला टँकर यायचा तेव्हा गल्ली गोळा व्हायची. शस्त्रक्रियेला हात धुवायचं तर पाणी लागतंच, म्हणून पुढे ढकलता येतील अशी सगळी ऑपरेशनं दवाखान्याने थांबवली आणि फक्त जीवावरची तेवढी चालू ठेवली. पंचशीलाला वाचायला भरपूर वेळ मिळाला. पण पुस्तक काही उलटा प्रश्न विचारत नाही. तोंडी परीक्षेत घाम फोडतो तो परीक्षक, आणि तसा घाम फोडणारं उदगीरात कुणी नव्हतं.

जिल्हा झाला म्हणून डॉक्टरांचंही जिल्हा मंडळ झालं. त्याचे सेक्रेटरी डॉ. अण्णाराव हे जुने, गरगरीत, सगळ्यांशी गोड असणारे गृहस्थ. डॉक्टर झालेल्या माणसानेही शिकत राहिलं पाहिजे, असं नवं वारं वरून आलं होतं. तेव्हा दर महिन्याला एका रविवारी ते लातूरला व्याख्यान ठेवत. व्याख्यानाला गर्दी चांगली व्हायची, कारण नंतर जेवण असायचं.

पहिलंच व्याख्यान लातूरचे नामांकित सर्जन डॉ. विरूपाक्ष मिटकरी यांचं. विषय अपेंडिक्स. मिटकरींचा आवाज असा संथ, की पहिल्या रांगेतले दोघे स्लाइड लागायच्या आत झोपले. पंचशीला पहाटेच्या एसटीने आलेली. पाच मिनिटांत तिचीही मान कलंडली. जाग आली ती टाळ्यांनी. तरी धीर करून ती पुढे गेली आणि म्हणाली, ‘‘सर, मी बोर्डाच्या परीक्षेला बसतेय. अधूनमधून मला शिकवाल का?’’

‘‘मला श्वास घ्यायला फुरसत नाही, बाई,’’ मिटकरी म्हणाले आणि जेवायला गेले.

पुढच्या रविवारी ती आईकडे गेली होती. आई आता नांदेडला राहायची. तिथे डॉ. व्यंकटराव गादेवार यांचं मोठं नाव. त्यांनीही तिला दारातूनच वाटेला लावलं. ‘‘बोर्ड-बिर्ड आपल्याला ठाऊक नाही. आमच्या वेळेला गुरूच्या हातची चापट हीच परीक्षा होती.’’

‘‘बरं सर,’’ पंचशीला चप्पल घालत म्हणाली. ‘‘लातूरच्या मिटकरी सरांनीसुद्धा अपेंडिक्सवरचं भाषण झाल्यावर नाहीच म्हटलं.’’

गादेवारांचा चेहरा पार बदलला. ‘‘कोण, विरूपाक्ष? तो काय शिकवणार! काय बोलला तो त्या भाषणात?’’

आता आली पंचाईत. पंचशीलाने त्या भाषणातलं अक्षरही ऐकलं नव्हतं. जे तोंडाला आलं ते तिने ठोकून दिलं. ‘‘ते म्हणाले, अपेंडिक्सभोवती सूज येऊन गोळा झाला असला तरी थांबायचं नाही. लगेच पोट उघडायचं.’’

‘‘बिलकुल गलत!’’ गादेवार ओरडले. ‘‘ये, आत ये. बस. चहा टाका गं! अगं, त्या गोळ्यात सुरी घातली तर आतडं फाटेल. पेशंटला झोपव, औषधं दे, सूज उतरू दे. मग दीड-दोन महिन्यांनी काढ. आता मला सांग, थांबल्यावर रोज काय काय बघशील?’’

दोन तास त्यांनी तिला सोडलं नाही. आकृत्या काढल्या, उलटसुलट विचारलं, चुकली तिथे झापलं. ती बाहेर पडली ती हवेत तरंगतच.

नंतर चौकशी केली तेव्हा सगळा उलगडा झाला. मिटकरी आणि गादेवार हैदराबादला एका वर्गात, एका खोलीत राहून शिकलेले. पुढे एका आमदाराच्या मूळव्याधीचं ऑपरेशन मिटकरींनी केलं आणि गादेवार त्या आमदाराला म्हणाले, ‘‘माझ्याकडे आला असतात तर दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसला असतात.’’ आमदाराने ते मिटकरींना जाऊन सांगितलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही, पत्र नाही, लग्नाचं आमंत्रणसुद्धा नाही.

पंचशीलाने हे ऐकलं आणि तिला वसतिगृहातलं वरण आठवलं.

तिथून पुढे वर्षभर तिचा क्रम बसला. एका रविवारी लातूर, एका रविवारी मुखेडवरून नांदेड. लातूरला जायचं आणि निरागस तोंड करून म्हणायचं, ‘‘सर, जठराचा अल्सर फुटला की प्रत्येक वेळी अर्धं जठरच काढून टाकावं, असं नांदेडला म्हणतात.’’

‘‘अय्यो!’’ मिटकरी कपाळाला हात लावत. ‘‘बैलगाडीतनं दोन दिवसांनी आलेल्या माणसाचं अर्धं जठर काढतोय तो? माणूस टेबलावरच जाईल की! भोक बुजव, पोट धू, बाहेर ये. बस इथे, सांगतो.’’ ज्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, ते मिटकरी तिच्यासाठी बाहेरच्या पेशंटांना ताटकळत ठेवू लागले.

उदगीरला ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर सिंधु होत्या. त्यांना पंचशीला सगळं सांगायची.

‘‘बाई, तुमी आगीशी खेळून राहिल्या,’’ सिंधु म्हणायच्या. ‘‘त्ये दोघं येका दिवशी समोरासमोर आले म्हंजी?’’

‘‘वीस वर्षांत आले नाहीत, सिंधुताई. माझी परीक्षा होईपर्यंत काय येतात?’’

आणि पुढच्याच आठवड्यात अण्णारावांचं बोलावणं आलं. जिल्हा मंडळाच्या वर्षपूर्तीला मोठा कार्यक्रम ठरला होता. अध्यक्ष मिटकरी. प्रमुख पाहुणे नांदेडचे गादेवार. ‘‘मी स्वतः जाऊन दोघांना राजी केलं,’’ अण्णाराव खुशीत सांगत होते. ‘‘गंमत बघा, दोघंही लगेच हो म्हणाले. म्हणाले, समोरासमोर एकदा बोलायचंच आहे.’’

पंचशीला कार्यक्रम मोडायच्या मागे लागली. तिने सुचवून बघितलं की एवढ्या उन्हात पाहुण्यांना त्रास नको, पाणीटंचाईत जेवणावळी बऱ्या दिसत नाहीत, त्यापेक्षा पुण्याहून कुणी आणा. अण्णाराव ऐकेनात. शेवटी ताप आल्याचं निमित्त काढावं असं तिने ठरवलं, तर सिंधु म्हणाल्या, ‘‘जावा गपगुमान. न्हाई गेल्या तर तुमच्या माघारी समदं उघडं पडंल, आन तुमाला बघायबी मिळायचं न्हाई.’’ हे मात्र तिला पटलं.

सभागृह भरलेलं. गादेवार बोलायला उभे राहिले आणि आभार-बिभार बाजूला ठेवून सरळ म्हणाले, ‘‘आपले अध्यक्ष अपेंडिक्सच्या गोळ्यावर लगेच सुरी चालवा म्हणतात. हे मला धोक्याचं वाटतं.’’

मिटकरी ताडकन उठले. ‘‘मी? मी जन्मात असं म्हटलं नाही! उलट तुम्हीच फुटलेल्या अल्सरला अर्धं जठर काढता.’’

‘‘कोण काढतंय अर्धं जठर?’’

‘‘मला खात्रीलायक माणसाने सांगितलंय!’’

‘‘मलाही खात्रीलायकच माणसाने सांगितलंय!’’

मग दोघेही एकदम थांबले. दोघांच्या माना सावकाश वळल्या आणि सभागृहाच्या अगदी शेवटच्या रांगेवर येऊन स्थिरावल्या. तिथे पंचशीला खाली वाकून पडलेलं पेन शोधत होती. पेन तिच्या हातातच होतं.

‘‘हनवते!’’ मिटकरी म्हणाले. एवढा मोठा आवाज त्यांचा कुणी कधी ऐकला नव्हता. ‘‘इकडे ये.’’

ती पुढे गेली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ‘‘सर, चुकलं माझं,’’ ती म्हणाली. ‘‘नुसतं शिकवा म्हटलं तर दोघांनीही नाही म्हटलं होतं. पण एक सांगू? वर्षभर मी दोघांकडून शिकले, आणि तुम्हा दोघांचं एकाही गोष्टीवर दुमत झालेलं नाही. चुकीची मतं सगळी माझी होती. तुमची दोघांची अगदी शब्दाला शब्द एकच.’’

सभागृह हसून लोटपोट झालं. त्या दोघांना मात्र ही बातमी अजिबात आवडली नाही. वीस वर्षं ज्याला मूर्ख समजलो त्याचं आणि आपलं मत एकच, हे पचवणं सोपं नव्हतं. गादेवार घाईने म्हणाले, ‘‘पोट शिवताना आतली घाण वाहायला नळी ठेवता का?’’ ‘‘नेहमी,’’ मिटकरी म्हणाले. ‘‘मी कधीच नाही!’’ गादेवारांना हायसं वाटलं. त्या नळीवर दोघे असे भिडले, की तिकडे भात गार झाला आणि अण्णाराव मधे हात जोडून उभे राहिले.

भांडण थांबल्यावर दोघांनी मिळून एक निर्णय घेतला. जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर पंचशीलाची तोंडी परीक्षा घ्यायची. त्या दिवशी जेवणानंतरही एकही डॉक्टर घरी गेला नाही. एक विचारायचा, दुसरा त्यातूनच पुढचा प्रश्न काढायचा. गळ्याची गाठ, भाजलेला माणूस, अडकलेलं आतडं. ती उत्तरं देत गेली. एका ठिकाणी अडली, तेव्हा जुन्या सवयीने म्हणाली, ‘‘सर, मद्रासच्या एका सर्जनच्या मते…’’

‘‘नाव काय त्यांचं?’’ दोघांनी एकदम विचारलं.

पंचशीलाने इकडेतिकडे पाहिलं. ‘‘असा सर्जन नाही, सर.’’

‘‘दिल्लीला असं केलंस तर पुढच्या गाडीने परत येशील,’’ गादेवार म्हणाले. पण म्हणताना त्यांच्या मिशा हलत होत्या.

दिल्लीची पहिली खेप वाया गेली. लेखी निघाली, प्रात्यक्षिकात परीक्षकाशी वाद घालून ती नापास झाली. लातूरने नांदेडला फोन लावून सांगितलं की ही वाद घालायची सवय तुमचीच. नांदेडने सांगितलं की घाबरून वाद घालणं हे लातूरचं. एवढ्या निमित्ताने का होईना, दोघे फोनवर बोलायला लागले. दुसऱ्या खेपेला दोघांनी विषय वाटून घेतले आणि तिला असं पिळून काढलं, की दिल्लीचे परीक्षक तिला फारच सौम्य वाटले. ती पास झाली. सरजाबाईंनी, तिच्या आईने, नांदेडच्या आख्ख्या वस्तीत खीर वाटली आणि प्रत्येक घरी सांगितलं की लेक आता दिल्लीची डॉक्टर झाली. ती उदगीरलाच राहणार आहे, हे सांगायचं मात्र त्या विसरल्या.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. उदगीरच्या विहिरींना पाणी आलं आणि थांबलेली ऑपरेशनं सुरू झाली. एका दुपारी अण्णाराव दवाखान्यात आले, दार लावून घेतलं आणि धोतर सैल करत म्हणाले, ‘‘बाई, मला दोन वर्षांपासून हर्निया आहे.’’

‘‘दोन वर्षं? आणि कुणाला दाखवला नाही?’’

‘‘कुणाला दाखवू? मिटकरींकडे गेलो तर गादेवार रुसणार, गादेवारांकडे गेलो तर मिटकरी. सेक्रेटरी माणूस मी. पट्टा बांधून हिंडत होतो. आता तुम्ही पास झालात, सुटलो.’’

पण बातमी फुटलीच. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी एक गाडी लातूरहून आली आणि एक नांदेडहून. दोघांनी हात धुतले, गाऊन चढवले आणि टेबलाशी येऊन उभे राहिले. अण्णारावांना कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केलेला. कान उत्तम चालू होते.

‘‘चीर जरा वर घे,’’ मिटकरी म्हणाले.

‘‘जरा खाली,’’ गादेवार म्हणाले.

पंचशीलाने हात थांबवला. ‘‘सर, आज सर्जन कोण आहे?’’

दोघांनी पुढे केलेली बोटं मागे घेतली. सिंधुंनी तोंडावरच्या पट्टीआड हसत दोघांच्या हातात मदतनिसाने चीर ताणून धरायचा एकेक आकडा दिला आणि सांगितलं, ‘‘ह्ये धरा, आन हालू नका.’’ महाराष्ट्रातल्या दोन जिल्ह्यांचे नामांकित सर्जन आकडे धरून मुकाट उभे राहिले, आणि पडद्याच्या त्या बाजूने अण्णाराव पुन्हा पुन्हा विचारत राहिले, ‘‘शांत का झालं सगळं? बाई, काही बिघडलं तर नाही ना?’’